रेषेच्या पुढे तीन फूट

१५ जून १९७५, रविवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. आमच्या गवताच्या धावपट्टीशेजारी नऊ विमाने ओळीने उभी होती आणि दहावे उतरत होते. ते एकदा टेकले आणि उसळले. दुसऱ्यांदा टेकले आणि पुन्हा उसळले. तिसऱ्यांदा मात्र गवताने त्याला धरून ठेवले.

"एका खेपेत तीन उतरणी," शेजारी उभे असलेले थोर्वाल्ड म्हणाले. "नोंदवहीत तिन्ही लिहील बघ हा."

थोर्वाल्ड त्या धावपट्टीचे मालक. वर्षातून एकदा, जूनच्या तिसऱ्या रविवारी, त्यांची पत्नी अ‍ॅग्नेस हँगरच्या दारात तवा मांडीत असे आणि शंभर मैलांच्या परिघातली लहान विमाने केवळ तिचे पॅनकेक खाण्यासाठी येत. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तंत्रनिकेतनातले शिक्षण संपवून थोर्वाल्ड यांच्या हँगरात इंजिने दुरुस्त करीत होते. ओळीतले शेवटचे, दोन आसनांचे पिवळे कापडी विमान माझे होते. त्याचे कापड मी ताणले होते आणि रंगही मीच दिला होता.

दहावे विमान थांबले. त्यातून एक उंच तरुण उतरला. त्याच्या उजव्या हातात लहानसा फिल्म कॅमेरा होता आणि तो अजूनही घरघरत होता.

मी सरळ त्याच्याकडे गेले. "तुम्ही उतरत होतात की चित्रण करत होतात?"

"दोन्ही."

"दोन्हीपैकी एकही झालं नाही. विमान उसळलं, म्हणजे चित्रही उसळलं असणार."

त्याने क्षणभर विचार केला. "खरं आहे. पण ते शेवटचं पिवळं विमान… धुक्यातून त्याच्यावर ऊन आलं आणि हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला."

"कुठला हात?"

"विमान वळवायच्या दांड्यावरचा," तो खाली मान घालून म्हणाला.

मला हसू आले नाही, असे मी त्या वेळी सर्वांना सांगितले. अ‍ॅग्नेसने मात्र तव्यावरून मान न वळवता विचारले, "मारिट, तुझे कान कशानं लाल झाले?"

त्याचे नाव एव्हरेट मॅकरे. आमच्या नदीवर नवा पूल बांधला जात होता. त्याच्या मोजणीचे काम एव्हरेटकडे होते, ऑगस्टअखेरपर्यंत. सुटीच्या दिवशी तो भाड्याचे विमान घेऊन उडत असे आणि दुसऱ्यांच्या लहान विमानांचे चित्रण करीत असे. मोठी विमाने नकोत, कसरती नकोत. एखादा शेतकरी जेवण झाल्यावर उगाच वर जाऊन तळ्याला एक चक्कर मारून येतो, तेवढेच त्याला हवे असायचे.

"या विमानांचं उडणं कुणी जपून ठेवत नाही," तो म्हणाला. "विमान जपतात. उडणं जातं."

हे वाक्य मी त्या संध्याकाळी कामाच्या वहीत लिहून ठेवले. त्या वहीत एरवी केवळ पान्यांची मापे आणि इंजिनांचे तास असत.

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. एका शनिवारी दुपारी पाऊस लागला आणि कोणालाच उडता आले नाही. हँगरच्या पत्र्यावर थेंबांचा एकसारखा ताल चालला होता, आणि मी थोर्वाल्ड यांच्या निळ्या विमानाच्या दाराच्या चौकटीवर कॅमेऱ्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची बैठक बसवीत होते. खाली जुन्या टायरच्या रबराचा थर दिला होता, म्हणजे इंजिनाची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचणार नव्हती. एव्हरेट उलट्या खोक्यावर बसून स्क्रू हातात देत होता. एकेक, आणि दर वेळी जरा सावकाश.

"आता कॅमेरा हलणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही फक्त कळ दाबायची. काचेला डोळा लावायची गरज नाही."

"मग डोळ्यांचं काय करू?"

 जो स्क्रू आधीच पक्का बसला होता, तोच मी पुन्हा आवळला.

१९ जुलै, शनिवार. थोर्वाल्ड निळे विमान चालवणार होते. त्याचे उजवे दार काढून ठेवले होते, मागच्या आसनावर एव्हरेट आणि कॅमेरा. मी माझे पिवळे विमान घेऊन त्यांच्या उजव्या अंगाला, किंचित मागे राहून उडायचे होते. टेबलावर जेवणाचे दोन काटे ठेवून थोर्वाल्ड यांनी मला नियम सांगितला.

"माझ्या पंखाखाली तिरकी दांडी आहे. तिचं वरचं टोक आणि माझ्या विमानाच्या नाकाचा शेंडा, ही दोन्ही तुला एका रेषेत दिसली पाहिजेत. रेष मोडली की तू जागेवर नाहीस. आकाश बघायचं नाही, शेतं बघायची नाहीत, आणि याला तर मुळीच बघायचं नाही."

"याला कशाला बघेन मी?"

"मी काही बोलले का?" अ‍ॅग्नेस म्हणाली. खरोखरच ती तोवर काही बोललेली नव्हती.

त्या सकाळी हवा इतकी शांत होती, की दोन विमानांमध्ये एखादी काच उभी असावी असे वाटत होते. खाली मक्याची शेते, त्यांच्या मधूनमधून तळी, आणि प्रत्येक तळ्यात एक पांढरा ढग. मी ते काही पाहिले नाही. ते मला नंतर फिल्मवर दिसले. मी दांडीचे टोक आणि नाकाचा शेंडा पाहत होते… निदान मला तसे वाटत होते. उघड्या दारात एव्हरेट बसला होता. वाऱ्याने त्याचे केस एका बाजूला गेले होते आणि त्याचा डोळा कॅमेऱ्याला लावलेला नव्हता. एका डबीत तीन मिनिटे वीस सेकंदांची फिल्म मावते. ती संपल्यावर त्याने हात हलवला. मीही हलवला. दोन्ही हात जरा जास्त वेळ हलत राहिले.

फिल्म धुऊन यायला बारा दिवस लागले. २ ऑगस्टच्या दुपारी हँगरची दारे लावून घेतली, अ‍ॅग्नेसची पांढरी चादर टांगली, समोर प्रोजेक्टर लावला आणि आम्ही चौघे बाकांवर बसलो. माझे पिवळे विमान चादरीवर तरंगू लागले. कॅमेरा जागचा तसूभरही हलला नव्हता. मला माझ्या बैठकीचा अभिमान वाटला, आणि नेमका तो अभिमानच माझ्यावर उलटला. कॅमेरा स्थिर असल्यामुळे हलत होते ते माझे विमान, आणि ते सरकत होते हे अगदी स्पष्ट दिसत होते. हळूहळू… पुढे.

थोर्वाल्ड उठले. त्यांनी पोलादी पट्टी आणली आणि पहिले चित्र व शेवटचे चित्र थांबवून चादरीवर मोजले. विमानाची लांबी बावीस फूट. चादरीवर ती चव्वेचाळीस इंच भरत होती. म्हणजे चादरीवरचे दोन इंच हे आकाशातले एक फूट.

"सहा इंच," ते म्हणाले. "तीन फूट पुढे गेलीस, पोरी. तू? तुझं तर कधी अर्धा फूटही चुकत नाही."

"वारा असेल."

"वारा दोन्ही विमानांना एकच होता."

"इंजिनाचे फेरे…"

"इंजिन तू स्वतः जुळवलं होतंस."

अ‍ॅग्नेसने विणकाम मांडीवर ठेवले. "थोर्वाल्ड, तीन फूट पुढे आलं की तिथून काय दिसतं?"

"उघडं दार दिसतं."

"आणि दारात?"

थोर्वाल्ड यांनी एव्हरेटकडे पाहिले. मग ते खोकले आणि पट्टी जागेवर ठेवायला गेले. ती जागा हँगरच्या अगदी दुसऱ्या टोकाला होती.

मी बाहेर जाऊन माझ्या विमानाच्या पंखाखाली उभी राहिले. थोड्या वेळाने एव्हरेट आला. तो थट्टा करील अशी मला भीती होती. त्याने ती केली नाही.

"महिनाअखेरीला मला डकोटात पाठवताहेत," तो म्हणाला. "मिसुरी नदीवर पूल आहे. दोन वर्षांचं काम."

"मला ठाऊक आहे."

"जायच्या आधी एक फिल्म आणखी काढू. या वेळी तुम्ही कॅमेऱ्याशी बसा. पिवळं विमान मी चालवतो… दिलंत तर."

माझे विमान मी कोणालाही देत नसे. आणि हा तर तीन उसळ्यांचा माणूस. "कशासाठी?"

"तुमची चूक सगळ्यांनी मोजली. माझी कुणी मोजलीच नाही." तो टोपी हातात फिरवीत होता. "मी प्रामाणिकपणे रेष धरून उडणार आहे. ठरवून पुढे आलो, तर त्याला काही अर्थ नाही. फिल्म येईपर्यंत मी गेलेला असेन. तुम्ही मोजा."

"तोंडानं सांगता येत नाही का?"

"येतं. पण तुम्ही बोलण्यावर विश्वास कुठे ठेवता? तुम्ही आकड्यावर ठेवता."

हे खरे होते, म्हणून मला राग आला. "आणि शून्य आलं तर?"

"तर पोस्टकार्डावर शून्य लिहून पाठवा. मी समजेन, आणि पुन्हा त्रास देणार नाही."

"आणि शून्य नाही आलं तर?"

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "मग ते पोस्टकार्डावर मावणार नाही."

३० ऑगस्टला आम्ही उडालो; निळे विमान थोर्वाल्ड यांच्याच हाती होते. उघड्या दारातून वारा आत येत होता आणि माझे पिवळे विमान मी प्रथमच प्रत्यक्ष बाहेरून, हवेत, पाहत होते. ते इतके देखणे आहे हे मला माहीत नव्हते. एव्हरेटच्या कपाळावर आठी होती; त्याची नजर दांडीवर खिळली होती, माझ्यावर नाही. तो खरोखरच नियम पाळत होता. मी कळ दाबली आणि मनातल्या मनात सेकंद मोजू लागले. एकशेदहानंतर आकडा हरवला. नोंद ठेवायला लागल्यापासून मोजणी चुकण्याची ही माझी पहिलीच वेळ. उतरताना तो एकदाच टेकला.

रविवारी तो गेला. निरोपाला आम्ही हात मिळवला, इतकेच. सोमवारी अमेरिकेतल्या कामगारदिनाची सुटी होती, म्हणून फिल्म मंगळवारी टपालात पडली. मी एक पोस्टकार्ड विकत घेऊन ठेवले. त्यावर त्याचा नवा पत्ता लिहिला. उरलेली जागा कोरी होती आणि रोज ती थोडी मोठी दिसे.

१३ सप्टेंबर, शनिवार, दुपारी एक वाजता पाकीट आले. मी हँगरची दारे लावली, चादर टांगली आणि पट्टी घेऊन एकटीच उभी राहिले.

पहिले चित्र : शून्य. तीस सेकंद : शून्य. एक मिनिट… शून्य. विमान जणू खिळ्याने ठोकले होते. पोस्टकार्ड माझ्या खिशात होते आणि त्याचा कोपरा मला टोचत होता.

एक मिनिट बारा सेकंदांनी विमानाचे नाक हलले. अर्धा इंच. मग एक. मग ते चटकन मागे आले आणि पुन्हा रेषेत बसले. त्याला कळले होते. त्याने सुधारले होते. थोडा वेळ गेला. पुन्हा पुढे, या वेळी दोन इंच… पुन्हा मागे. आणि तिसऱ्यांदा ते पुढे निघाले ते घड्याळाच्या काट्यासारखे. सरकताना दिसत नव्हते, पण प्रत्येक वेळी पट्टी लावली की पुढे गेलेले असे. कोणी ठरवून पुढे आले, तर एकदम येते आणि तिथेच थांबते. हे तसे नव्हते. दोनदा परत फिरलेल्या माणसाच्या हातून हे घडले होते, आणि तिसऱ्या खेपेला त्याला कळलेही नव्हते.

मी शेवटचे चित्र थांबवले. तीन वेळा मोजले. मग पोस्टकार्ड फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि हँगरची दारे उघडली.

"समोरून वारा आहे," मी विमान बाहेर ढकलताना पाहून थोर्वाल्ड म्हणाले. "वाटेत एकदा इंधन घ्यावं लागेल. उद्या जा."

"आज जाते."

त्यांनी दुसऱ्या पंखाला हात लावला. अ‍ॅग्नेसने गरम कॉफीची बाटली आणि एक पिशवी आणून आसनाखाली ठेवली. पिशवीत दोन कप होते.

"दोन कशाला?"

"मी काही बोलले का?"

तीन तास मी पश्चिमेकडे उडत होते. शेते संपली, गवत सुरू झाले. ढगांच्या सावल्या त्या गवतावरून माझ्याच दिशेने येत होत्या आणि मागे पडत होत्या. मग मोठी नदी दिसली आणि तिच्यात पाण्याबाहेर नुकतेच डोके काढलेले पुलाचे तीन खांब. मी त्यांच्यावरून एक चक्कर मारली. काठावरच्या माणसांतल्या एकाने हातातला कागद टाकला आणि तो आपल्या गाडीकडे पळाला.

गावाबाहेरच्या पट्टीवर मी इंजिन बंद केले, तोवर त्याची गाडी कुंपणाशी थांबली होती. तो चालत आला आणि पंखाच्या टोकाशी उभा राहिला. संध्याकाळचे ऊन पिवळ्या कापडावर पडले होते. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता; त्याने तो उचलला नाही.

"शून्य असतं, तर पोस्टकार्ड आलं असतं," तो म्हणाला.

"हो."

"मी रेष सोडणार नव्हतो. दोनदा मागे आलो."

"दिसलं. नंतरचं तुम्हाला कळलंच नाही."

"नंतरचं…" त्याने माझ्याकडे पाहिले आणि ती नजर कुठल्याही दांडीवर नव्हती. "माझी चूक किती आली, मारिट? सांग ना."

"तुझी माझ्यापेक्षा जास्त आहे."

"किती?"

मी दोन्ही कप पंखाखाली गवतावर ठेवले.

"चार फूट नऊ इंच."