रिकाम्या वॉर्डाचं क्षेत्रफळ

ऑफिसात तिला सगळे ‘मिलीमीटर मावशी’ म्हणत आणि ती ते नाव पदकासारखं मिरवत असे. इमारतींचं क्षेत्रफळ मोजणं हा तिचा धंदा. भिंतीच्या आतल्या अंगापासून समोरच्या भिंतीच्या आतल्या अंगापर्यंत माप घ्यायचं, तेही दोनदा, आणि दोन्ही जुळली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. ‘साधारण’ हा शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. बाबा सुतार; खोड कुठून आली ते सांगायला नको.

ते बाबा आज सकाळपासून हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पडले होते. हृदय थकलं होतं. “आजचा दिवस निघू दे, मग बोलू,” एवढंच डॉक्टर म्हणाले होते. आत कुणाला थांबू देत नव्हते. बाहेरच्या बाकावर ती आणि धाकटा भाऊ बसून राहिले.

“ताई, तू जा, तुझं काम उरकून ये,” शेवटी भाऊ म्हणाला. “इथे बसून नुसत्या फरशा मोजतेयस.”

खोटं नव्हतं. हात रिकामे राहिले की मन खायला उठतं. आणि काम काही लांब नव्हतं. त्याच आवारातला पुरुषांचा जुना वॉर्ड कित्येक वर्षं बंद होता. आता तो ऑफिसांसाठी भाड्याने द्यायचा होता आणि त्याआधी त्याचं क्षेत्रफळ हवं होतं. हाक आली असती तर ती धावत पोचली असती.

चौकीदाराने कुलूप काढलं. “वीज तोडलीय, बाई. खिडक्या गंजून बसल्यात, उघडायच्या भानगडीत पडू नका.”

“आत काही सामान?”

“काडी नाही. खाटासुद्धा भंगारात गेल्या.”

तो उंबऱ्यापाशीच थांबला आणि मग बिडी ओढायला निघून गेला. कामचुकार, असं तिने मनात म्हटलं.

वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब दालन. मळलेल्या काचांतून दुपारचा राखाडी उजेड येत होता. फिनेलचा वास अजून होता आणि त्या वासाखाली आणखी एक होता, रात्रभर जागलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा. तिने ट्रायपॉड मांडला, त्यावर लेझरचं यंत्र कमरेच्या उंचीवर बसवलं आणि डाव्या भिंतीकडून उजव्या भिंतीकडे नेम धरला. माप फोनवर उमटलं.

कमी होतं. चांगलं एका माणसाच्या उंचीएवढं कमी.

समोरच्या भिंतीवर लाल ठिपका नव्हता. कुठेच नव्हता. तिने काच पुसली, पुन्हा माप घेतलं. तोच आकडा. यंत्र डोक्याच्या उंचीवर नेलं, तर ठिपका लगेच भिंतीवर जाऊन बसला आणि माप पूर्ण आलं. खाली आणलं की पुन्हा कमी.

दुसरं कुणी असतं तर यंत्र गुंडाळून पळालं असतं. पण जुळत नसलेलं माप टाकून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ट्रायपॉड थोडाथोडा सरकवत, लेझर जिथे जिथे मध्येच अडत होता तो प्रत्येक बिंदू ती नकाशावर टिपत गेली. टिंबांना टिंबं जोडली तसे दोन्ही भिंतींना लागून आयत उमटू लागले. एकाच लांबीचे, एकाच रुंदीचे, मध्ये माणूस उभा राहील एवढी फट सोडून.

खाटा...

तिने यंत्र उंच केलं, एका आयतावर तिरकं रोखलं आणि माप चालू ठेवलं. आकडा स्थिर राहीना. काही मिलीमीटर वाढायचा, क्षणभर थांबायचा, तेवढेच मिलीमीटर उतरायचा. पुन्हा वाढायचा. ती किती तरी वेळ बघत राहिली आणि मग तिला कळलं. तिथे कोणीतरी झोपलं होतं. श्वास घेत होतं.

दुसऱ्या आयतावर तसंच. तिसऱ्यावर तसंच, फक्त जरा धापा टाकल्यासारखं. सगळा वॉर्ड भरलेला होता.

खिडकीजवळची एकच जागा मोकळी होती. तिथे लेझर सरळ फरशीपर्यंत गेला आणि आकडा दगडासारखा स्थिर राहिला. तिला उगाचच हायसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई...” भावाचा आवाज फुटत होता. “डॉक्टर धावत आत गेलेत. मला आत सोडत नाहीयेत. ताई, तू ये...”

ती निघालीच होती. पण फोनच्या पडद्यावर आकडा अजून चालू होता, त्या मोकळ्या जागेचा. तो हलला होता. एखादं जड माणूस खाटेच्या कडेवर टेकावं आणि मग हळूहळू पाय वर घ्यावेत, तसा आकडा थांबत थांबत कमी होत होता.

तिला काय झालं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाबांना ती अशी जाऊ देणार नव्हती, एवढंच तिला कळत होतं. जागा एकच होती आणि ती भरून टाकली की झालं! ती धावली आणि त्या मोकळ्या फरशीवर आडवी पडली. लांबी भरली, रुंदी भरली. फोन छातीशी घट्ट धरून ती ओरडली, “इथे जागा नाही! ऐकू येतंय का? इथे मी आहे!”

वॉर्डात काही हललं नाही. फरशीचा गारवा पाठीतून आत शिरत होता.

“ताई!” भाऊ रडत होता, हसतही होता. “ताई, परत आले गं! मला आत घेतलंय. डोळे उघडलेत त्यांनी!”

तिला हुंदका आला. आयुष्यात एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

“मास्क काढून बोलले,” भाऊ म्हणाला. “तुझ्याबद्दलच बोलले.”

“काय म्हणाले?”

“काहीतरी भलतंच. म्हणाले, तिला म्हणावं, फरशी गार आहे... वर ये.”

तिने फोन डोळ्यांसमोर धरला. ट्रायपॉडवरच्या यंत्राचा आकडा तिथे उमटत होता. लेझर तिच्या अंगापर्यंत पोचतच नव्हता. शेजारच्या खाटांचं जे माप होतं, तेच याही खाटेचं होतं, आणि ते संथपणे खालीवर होत होतं.

जन्मभर तिने लांबी आणि रुंदी मोजली होती. क्षेत्रफळाला उंची लागत नाही. तिने जागा अडवली नव्हती. ती नुसती खाटेखाली शिरली होती.

“बाबा...” ती पुटपुटली आणि तिने हात वर केला. रिकाम्या हवेत, अर्ध्या वाटेवर, तो कुणीतरी धरला. करवतीने घट्टे पडलेला, रुंद, ओळखीचा तळहात. तिला रडू आवरेना.

“ताई...” भावाचा आवाज एकदम खाली गेला होता. “ताई, बाबा गेले. आत्ताच. तेवढं बोलले आणि... ताई, ऐकतेयस ना? त्यांचा हात कॉटच्या खाली लोंबतोय. मूठ अशी आवळलीय की नर्सला सोडवता येत नाहीये. आम्ही दोघं मिळून हात वर घ्यायला बघतोय, पण जड आहे गं... खाली कुणीतरी धरल्यासारखा.”

तिने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

“थांब,” भाऊ म्हणाला. “हां, आता येतोय वर.”

आणि तिची पाठ फरशीवरून अलगद उचलली गेली.