साडेपाच तास पुढं

भागवतचं वागणं मला पटत नाही. आई असले तरी सांगते. विमान शिकवणाऱ्या शाळेत दिवसभर खाली बसून रेडिओवर बोलतो, वरच्यांना उतरवतो. घरात पाय ठेवला की मुका. याचा बापही असाच होता. मनातलं मनात घेऊन गेला, मी आजवर अंदाज बांधते.

लातुराबाहेर धावपट्टीजवळ माझी खानावळ. पुनम पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा यानं एवढंच विचारलं, "भाकर वाढू?"

तिनं चमकून वर पाहिलं. "अगं बाई… हा आवाज तर मला रोज उतरवतो."

याचे कान लाल. भाकर वरणात पडली.

उमरीची पोरगी, विमान शिकायला आलेली. वर्षभर ती बोलायची, हा नुसता वाढायचा.

शिक्षण संपायच्या आठवड्यात तिनं मला शाळेतला एक कागद दाखवला. मला आकडे तेवढे कळले.

"वैमानिकांना सूचना आहे, मावशी. खालचा रेडिओ दुरुस्तीला, या वेळेपासून या वेळेपर्यंत बंद."

"मंग उतरता कसं गं?"

"आपणच सांगत राहायचं… मी इथं आहे, आता वळतेय. उत्तर येत नाही — तरी सांगायचं."

बोलत होती माझ्याशी, बघत होती भागवतकडं. मला समदं कळलं. यालाच कळंना.

ती जायच्या सकाळी यानं माझ्या हातात चिठ्ठी कोंबली. "माय, पुनमला दे." अन् पळाला. त्या सूचनेसारखीच तुटकी अक्षरं. मी पाचाचा आकडा वाचला.

"पाचला बोलावलंय बघ तुला."

तिचं तोंड उतरलं. "माझी गाडी अकराला आहे. त्यांना माहीत आहे ते…" तिनं बॅग उचलली.

"घे, तूच वाच मेल्याचं."

वाचता वाचता ती हसली, डोळे भरलेले. "मावशी, सूचनेतली वेळ जगाच्या घड्याळाची असते. आपल्याकडं साडेपाच तास मिळवायचे."

मी बोटं मोजली. साडेदहा. भिंतीवर पावणेअकरा झालेले.

बॅग टाकून ती शाळेकडं धावली. मी पिठाच्या हातानं मागं.

सूचनांच्या फळ्याखाली भागवत उभा होता, घामानं भिजलेला.

"काय लिहिलंय हे?" तिनं धापा टाकत विचारलं.

"खालचं बोलणं… सुरू."

"कुठवर?"

"शेवटची वेळ… लिहिलीच न्हाई मी."

तिनं चिठ्ठीची घडी घातली अन् मुठीत घट्ट धरली. रस्त्यावरनं अकराची गाडी निघून गेली, तिनं वळूनही पाहिलं नाही.

मी हात पदराला पुसले.

"भागवता, जन्मात एकदा धड बोललास, लई झालं. उमरीला मागणी घालायला मी जाते. तिथं तू तोंड उघडू नको."