पायरी नावाचा लॅपटॉप

दुकानात शिरलेला माणूस दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरून उभा होता. रस्त्यावर सापडलेलं मांजराचं पिल्लू आणावं तसा. ठकूने काउंटरवरून मान उंच केली. पिल्लू नव्हतं, लॅपटॉप होता आणि त्याच्या एका कोपऱ्यातून चहा ठिबकत होता.

“साखर किती?” तिने विचारलं.

“अं?”

“चहात साखर किती होती? बिनसाखरेचा असेल तर वाचेल. गोड असेल तर कीबोर्ड गेला.”

“तीन चमचे...” तो खालमानेने म्हणाला.

“मग गेला. आणि तुमचे दातही फार दिवस टिकायचे नाहीत.”

तो हसला. हसताना त्याचे डोळे पार मिटले, आणि ठकूने मनातल्या मनात नोंद केली – दात चांगले आहेत.

माणसं जोखण्यात ठकूचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. मामाच्या या दुकानात ती सहा वर्षं बसत होती. दारातून येणारा माणूस घेणारा की नुसता हात लावून जाणारा, हे तो पायपुसण्यावर किती वेळ थांबतो त्यावरून ती सांगायची. गेले दोन महिने मात्र घेणारे जणू आटलेच होते. येणारा प्रत्येक जण लॅपटॉप उघडायचा, चार कळा दाबायचा, सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचा, “थांबतो जरा. तो स्वस्तातला येतोय ना!”

तो स्वस्तातला! एका बड्या कंपनीचा नवा लॅपटॉप. कोणी पाहिला नव्हता, कंपनीने एका शब्दाने कबूल केला नव्हता. पण म्हणे निम्म्या किमतीत येणार, आत फोनचीच चिप असणार, रंग चार असणार. आणि या निखाऱ्यावर दर शुक्रवारी फुंकर घालत होतं एका साप्ताहिकातलं सदर.

“काम काय करता?” पावती फाडताना तिने विचारलं.

“लिहितो. साप्ताहिकात. नव्या यंत्रांवर सदर असतं माझं–”

ठकूचं पेन थांबलं. “‘विश्वसनीय सूत्रांकडून समजतं’... ते तुम्ही?”

“तुम्ही वाचता?” त्याचा चेहरा उजळला.

“मामा वाचतो, मोठ्याने. मी भोगते. अहो, तुमच्या त्या सूत्रांपायी आमचं दुकान माश्या मारतंय!”

आतल्या खोलीतून मामाचा आवाज आला, “ठकू, भांडू नकोस गं. आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक आहे.”

नवा कीबोर्ड यायला आठ दिवस लागतील, असं तिने पावतीवर ठळक लिहून दिलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तो हजर. तिसऱ्या दिवशीही.

“आला का?”

“आठ दिवस म्हणजे किती, हे तुमची सूत्रं सांगत नाहीत वाटतं?”

“सूत्रं सध्या नावाच्या मागे आहेत,” तो स्टूल ओढत म्हणाला. बस म्हणायची वाट पाहणाऱ्यांतला तो नव्हता. “कंपनीचा पहिला लॅपटॉप ‘शिखर’, दुसरा ‘पर्वत’. मग स्वस्तातल्याचं नाव काय असेल? मी म्हणतो, ‘टेकडी’.”

“टेकडी? लग्नाला दाखवायला आणलेल्या मुलाचं नाव कोणी ‘ठीकठाक’ ठेवतं का?”

“मग ‘पठार’?”

“‘उंदीर’ ठेवा. डोंगर पोखरून शेवटी तोच निघतो.”

त्याचे डोळे पुन्हा मिटले. हे डोळे मिटणं ठकूला आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय हे आवडत नव्हतं. अशा वेळी ती उगाच एखादा स्क्रू काढून पुन्हा बसवायची.

एक दिवस मात्र तो हसला नाही. स्टुलावर बसून बराच वेळ टेबलावरची धूळ बोटाने सारत राहिला.

“‘पर्वत’च्या वेळचे माझे तीन अंदाज चुकले,” तो म्हणाला. “तारीख चुकली, चिप चुकली, रंगही. संपादकबाईंनी शेवटची ताकीद दिलीय. या गुरुवारी चार वाजता पान बंद व्हायच्या आत पक्की बातमी दिली नाही, तर सदर बंद. मला निधनवार्तांच्या टेबलावर बसवणार.”

“वाईट काय त्यात? काम कायमचं.”

“तिथे अंदाज चालत नाहीत हो!”

ती हसली, पण तिला आत कुठेतरी टोचलं. सहा वर्षं राबल्यावर हे सदर मिळालं, असं तो एकदा बोलला होता. आई शुक्रवारचा अंक शेजाऱ्यांना आधी दाखवते नि मग घरात आणते, हेही.

कीबोर्ड चौथ्याच दिवशी आला. ठकूने खोका उघडला, पाहिला आणि ड्रॉवरमध्ये सारला. मामा दारात उभा होता.

“भाग आला ना?”

“तपासायचाय अजून.”

“भाग, की माणूस?”

“मामा!”

मामा शीळ घालत आत गेला.

गंमत सुचली ती मंगळवारी. दुकानात लॅपटॉपच्या झाकणावर लावायची अक्षरं कापायचं यंत्र होतं. ठकूने एक जुना, पातळसा लॅपटॉप घासूनपुसून चकचकीत केला, त्यावरचं मूळ नाव खरवडून काढलं आणि कंपनीच्या धाटणीची चंदेरी अक्षरं कापून चिकटवली – ‘पायरी’. नाव तिचं स्वतःचं. पर्वत चढायचा तर पहिली पायरीच लागणार, नाही का? दोन पावलं मागे जाऊन तिने पाहिलं. तिला स्वतःलाच घ्यावासा वाटला.

तो आला, तेव्हा तिने चेहरा शक्य तेवढा गंभीर केला आणि टेबलावरचं फडकं हळूच बाजूला सारलं.

“एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला दिलाय. कंपनीतलाच माणूस आहे. कोणाला बोलायचं नाही हं.”

आता डोळे मिटतील, आता हसेल... पण तो पांढराफटक पडला. झाकणावर एक बोट टेकवून त्याने लगेच मागे घेतलं, तापलेल्या तव्याला हात लागल्यासारखं. तेवढ्यात एक बाई प्रिंटर कागद गिळतो म्हणून तणतणत आत आल्या. ठकू प्रिंटरमध्ये अडकलेला कागद दोरीसारखा ओढत होती तेव्हा तो निघून गेला. कीबोर्डबद्दल विचारलंसुद्धा नाही!

बुधवारी तो आला नाही. रुसला असेल, ठकूला वाटलं. गुरुवारी जेवण उरकून मामा म्हणाला, “उद्या तुझ्या त्या सूत्राचं सदर बघायला हवं. शेवटची संधी आहे म्हणाला होता ना? काहीतरी मोठं देईल बघ.”

ठकूच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो रुसला नव्हता. त्याने खरं मानलं होतं! ‘नाव ठरलं : पायरी’ – असं उद्या छापून येणार, कंपनी परवा हसणार आणि त्याला सदर काय, साप्ताहिकही दारात उभं करणार नाही.

“मामा, दुकान बघ!”

“अगं, चप्पल–”

साप्ताहिकाची कचेरी चार चौक पलीकडे होती. ठकू जिने चढून वर पोहोचली तेव्हा तीन वीस झाले होते. समोर सात-आठ टेबलं, आणि तो कोपऱ्यातल्या टेबलावर. तिने श्वासही घेतला नाही.

“थांबवा! पायरी खोटी आहे!”

सगळ्या माना वळल्या. काचेच्या खोलीतून जाड भिंगांचा चष्मा बाहेर आला. मागोमाग संपादकबाई.

“कोणती पायरी?” त्या म्हणाल्या. “याने तर आपल्याकडे काहीच नाही म्हणून सांगितलं. अर्ध्या तासापूर्वीच याला टेबल बदलून दिलं.”

ठकूने त्याच्यासमोरच्या कागदाकडे पाहिलं. कोण्या निवृत्त टपालमास्तरांचं अल्पशा आजाराने निधन झालं होतं.

“तुम्ही दिलं नाहीत? का?”

“तुम्हीच म्हणालात ना, कोणाला बोलायचं नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली वस्तू. ती तुमच्या दुकानातून फुटली असती, तर उद्या तुमच्याकडे कोण आलं असतं?”

“आणि सदर?”

“ते... गेलं.”

“अरे मूर्खा!” ठकू ओरडली, आणि आपण ‘तू’वर आल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. “ते नाव मी चिकटवलं होतं! जुना लॅपटॉप होता. गंमत केली होती तुझी.”

त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरलं.

“गंमत,” तो म्हणाला. “दोन रात्री झोपलो नाही मी. बातमी खिशात आणि तुमचा शब्द डोक्यात. आणि ती... गंमत.”

“तू हसशील वाटलं होतं.” तिचा आवाज आता जिन्याच्या पहिल्या पायरीइतका खाली आला होता. “तुझं हसू बघायलाच केलं सगळं. कीबोर्डही चौथ्याच दिवशी आला होता. ड्रॉवरमध्ये ठेवलाय. बसवला असता तर तू यायचा थांबला असतास.”

त्याने कपाळाला हात लावला, मग मान हलवली... आणि मग, अगदी नाइलाजाने, त्याचे डोळे मिटले.

“चार वाजायला पस्तीस मिनिटं आहेत,” संपादकबाई मनगटावर टिचकी मारत म्हणाल्या. “सदराची जागा अजून रिकामीच आहे. हे जे आत्ता भांडलात ना, ते लिहून काढ. तुझ्या अंदाजांपेक्षा लोक हे चवीने वाचतील.”

“म्हणजे सदर–”

“आधी मजकूर. बस.”

त्या आत गेल्या. तो कचेरीतल्या लॅपटॉपसमोर बसला. ठकू त्याच्या खुर्चीमागे उभी राहून वाचत होती, आणि ती वाचतेय म्हणून त्याची बोटं अडखळत होती. चहा, उंदीर, चंदेरी अक्षरं, सगळं एकेक करून उतरलं. शेवटी त्याने लिहिलं, ‘तो स्वस्तातला येईल तेव्हा येईल, नाव काहीही असो. ज्याला आज गरज आहे त्याने थांबू नये.’

“हे वाचकांना, की मला?” ठकूने विचारलं.

“ज्याला लागू पडेल त्याला.”

मग तो मजकुरात वर सरकला आणि एका वाक्यापाशी अडला. ‘हे नाव मला दाखवलं माझ्या...’ आणि पुढे कर्सर नुसता लुकलुकत होता.

“इथे काय लिहू?”

“परिचित लिही.”

“बस, एवढंच?”

“मग मैत्रीण लिही.”

“बाईंना अर्धवट माहिती चालत नाही,” तो पडद्याकडेच बघत म्हणाला. त्याचे कान मात्र तांबडे झाले होते.

ठकूने त्याच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि दोन शब्द टाइप केले – ‘होणाऱ्या बायकोने’.

काचेआडून आवाज आला, “झालं का रे? आणि बघ, आज कच्चं काही नको. सगळं पडताळून घे!”

त्याने वळून वर पाहिलं. “पडताळू?”

“विचार ना.”

“हे... पक्कं आहे?”

“मूर्खा,” ठकू म्हणाली, पण या वेळी फार हळू.

मजकूर पाठवायच्या बटणावर त्याचं बोट थांबलं. ठकूने त्यावर आपलं बोट ठेवलं आणि दोघांनी मिळून दाबलं.