भिंत लागण्याची हाक

दोरवाल्याची शेड नव्वद पावलं लांब होती. सल्लागार बाईंनी ती पहिल्याच दिवशी स्वतः चालून मोजली, कारण ऐकीव माहितीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. खेड्यातल्या, शेवटच्या घटका मोजणाऱ्या छोट्या धंद्यांना वारसा पर्यटनाच्या नकाशावर आणायचं, हे त्यांचं काम. कुंभार, साबणवाली, पाववाला असे आठ जण त्यांनी मार्गी लावले होते. नायलॉनपुढे हात टेकलेला दोरवाला नववा.

त्याचं काम बघण्यासारखं होतं खरं. कमरेला वाखाचा पुडा बांधून, चिमटीतून तंतू सोडत सोडत तो उलट पावली चालायचा आणि दाराशी बसलेली त्याची बायको चाक फिरवून त्या तंतूंना पीळ द्यायची. चालताना तो मागे बघत नसे. नजर हलली की दोर बिघडतो. शेवटची भिंत जवळ आली की बायको ओरडायची, "भिंत!" मग तो थांबायचा.

"वहिनी, तुमच्या ओरडण्याने पाहुणे दचकतील हो," बाई म्हणाल्या. "आपण स्पीकर लावू. दोराचा इतिहास, मागे हलकंसं संगीत."

"आणि हाक?"

"दादा जन्मभर चालतायत इथे. भिंत काय पळून जाणार आहे?"

दोरवाला खो खो हसला. बायको हसली नाही. "ह्यांच्या वडिलांनी बजावलंय, ताई. हाक चुकवायची नाही." का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्यानेच तिला गप्प केलं. "अगं, त्या शिकलेल्या आहेत. आपल्या डोक्याने आपण काय दिवे लावले?"

हाक बंद करून, स्पीकर लावून चाचणीचा पहिला आठवडा छान गेला. दुसऱ्या आठवड्यात एका निवृत्त शिक्षिकेने हौसेने स्वतः दोर वळला. मोजला, तर एकशे चार पावलं भरला. ताण बसून वाढला असेल, असं म्हणून बाईंनी विषय संपवला. मग तसाच उलटा चालून दोर वळलेल्या एका पाहुण्याने जाता जाता विचारलं, "शेवटी भिंत आहे म्हणालात ना? माझ्या पाठीला तर वारा लागत होता."

बाईंनी मोजायची टेप लावली. शेड नव्वदच पावलं. भिंत दगडी, अखंड, सुई जाईल एवढीसुद्धा फट नाही. त्या स्वतःवरच वैतागल्या.

"ताई, हाक देऊ द्या मला," बायको रोज म्हणायची.

"शनिवारी पर्यटन समिती येऊन जाऊ दे. मग काय ते करा."

समितीला काम पसंत पडलं तर दोरवाला नकाशावर येणार होता. नाही तर शेडला कुलूप. हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून बायकोनेही जीभ आवरली.

शनिवारी भर दुपारी समितीचे तिघे दाराशी खुर्च्या टाकून बसले. स्पीकर सुरू झाला. दोरवाला नवा निळा स्वेटर घालून, ऐटीत, उलटा चालू लागला. दर पावलाला दोराला एक हलका हिसका बसत होता आणि बाई सवयीने ते हिसके मोजत होत्या.

ऐंशी. नव्वद. शेडचं टोक अंधूक होतं, तो दिसेनासा झाला होता.

एकशे दहा.

बाईंनी धावत जाऊन स्पीकर बंद केला.

"भिंत!" बायको किंचाळली.

उत्तर आलं, पण फार लांबून. "अजून नाही लागली गं."

"वा! छान बसवलंय," समितीचे अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई दोराच्या कडेकडेने शेवटपर्यंत पळाल्या. तिथे कुणी नव्हतं. दोर दगडात शिरला होता आणि दगडातच गरगर फिरत होता. त्या बाहेरून वळसा घालून भिंतीमागे गेल्या. ऊन, गवत, बाकी काही नाही.

परत आल्या तेव्हा बायको चाक फिरवतच होती. "भिंत!" ती ओरडली. या वेळी उत्तर आलं नाही. हिसके मात्र चालू होते.

"पुडा भिंतीपर्यंतच पुरतो, ताई," ती हळूच म्हणाली. "वाख कधीच संपला असणार. मग हे वळतायत काय?"

आयुष्यात प्रथमच बाईंना मोजायची भीती वाटली.

मग हिसके थांबले. दोर सैल पडला.

दोघींनी तो ओढायला घेतला. तो निमूटपणे येत राहिला. आधी वाख आला. मग निळी लोकर. मग सदऱ्याचं सूत. शेवटचे तीन हात मऊ लागले. पांढरेशुभ्र केस होते ते, सुबक पीळ दिलेले.

बायकोने ते टोक कितीतरी वेळ बोटांनी चाचपलं.

"ह्यांचा," ती म्हणाली, "एकसुद्धा केस पिकला नव्हता."