नाडीने बांधलेलं फाटक

आमच्या घरात एक नियम आहे. बाळ रांगायला लागलं की त्याच्या आईला रात्री जेवणं आटोपल्यावर मोठ्या काकांसमोर बसवायचं, आणि काकांनी तिला फाटकाची गोष्ट सांगायची. गोष्ट खरी का, असं मध्येच विचारायचं नाही. नंतरही नाही. माझ्या मोठ्या जावेने ती मान खाली घालून ऐकली होती. आतेनणंद चार दिवस राहायला आली होती, तिनेही ऐकली. का ऐकायची, हे दोघींनीही विचारलं नाही. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला बजावण्यात आलं होतं की काही गोष्टी विचारायच्या नसतात. ही त्यातली पहिली.

माझी वेळ आली एका मंगळवारी. त्या दुपारी माझा मुलगा पलंगाखालून निघाला तो थेट जिन्याच्या तोंडाशी. मी त्याला पाय धरून मागे ओढलं. आमची खोली वर, स्वयंपाकघर खाली, आणि मधला जिना म्हणजे नुसती शिडी उभी केल्यासारखा. मी महिनाभर फाटक मागत होते. बाकीचं माझं मीच केलं होतं. प्लगच्या भोकांना झाकणं लावली, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, मोरीतली फिनेलची बाटली माळ्यावर टाकली. त्यावर सासरे म्हणाले, "आता पोरालाच डबीत घालून वर झाकण लाव." सगळे हसले. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. सासूबाई म्हणाल्या की त्यांनी तीन मुलं वाढवली, एकाही कोपऱ्याला स्पंज लागला नाही. फाटकासाठी भिंतीला भोकं पाडावी लागतात. गोष्टीला पाडावी लागत नाहीत. म्हणून त्या रात्री मला फाटकाऐवजी गोष्ट मिळाली.

काका खुर्चीत बसले. सासू-सासरे पलंगावर. खाली सतरंजीवर माझा नवरा, धाकटा दीर आणि मी. मुलगा माझ्या मांडीवर झोपलेला. दिराने ही गोष्ट दोनदा ऐकली होती, तरी त्याने पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं. त्याला चिडवायला मी तोंड उघडलं तेवढ्यात काकांनी दिवा बारीक केला.

काकांच्या दुकानाला लागून एका सुताराचं दुकान होतं. त्याला सगळे गुण्या म्हणायचे. सुताराचा काटकोन तपासायचा गुण्या असतो ना, त्यावरून. त्याच्या हातचं काम केसभरही वाकडं नसायचं. त्याने हे काकांना स्वतः सांगितलं, चहाचा कप तसाच थंड होऊ देऊन, आणि पुन्हा कधी त्यावर बोलला नाही.

अकरा वर्षं झाली. डिसेंबरची वीस तारीख, शुक्रवार. गुण्या दुकान बंद करत होता तेव्हा त्याला एका म्हाताऱ्या गृहस्थाचा फोन आला. गेल्या वर्षी आमच्या जिन्यावर छोटं फाटक बसवलं होतं, ते काढून न्या. आता लागत नाही. गुण्याला घर आठवलं. फाटक त्या घरच्या सुनेने सांगून करवून घेतलं होतं. बाळ रांगायला लागलं म्हणून. बिजागरीला स्प्रिंग, म्हणजे सोडलं की आपोआप मिटणारं. खटका जिन्याच्या बाजूला, मोठ्या माणसालाच दाबता येईल असा.

लागत नाही म्हणजे काय, हे गुण्याला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फाटक बसवल्यावर महिन्याच्या आतच ते बाळ जिन्यावरून पडून गेलं. फाटक होतं, पण ते उघडं होतं. जाता-येता अडथळा नको म्हणून ते मागे लोटून खिडकीच्या गजाला एका नाडीने बांधलेलं असायचं. सून येऊन सोडायची, पुन्हा बांधलेलं असायचं. त्या दिवशी तिला खालून हाक आली. ती खाली गेली. आईचं लक्ष हललं, काका म्हणाले. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ताप लिहिलं.

इथे मी मान वर केली. काकांनी माझ्याकडे न बघता पुढे सुरू केलं.

गुण्या पोचला तेव्हा पावणेदहा झाले होते. खाली म्हातारा-म्हातारी टीव्ही लावून बसली होती. मुलगा रात्रपाळीला गेलेला. म्हातारी म्हणाली, वर दिवा आहे, काढून घ्या, माझे गुडघे चढू देत नाहीत. गुण्या पिशवी घेऊन वर गेला. फाटक गजाला बांधलेलंच होतं. नाडीवर धूळ बसली होती. त्याला ते बघवलं नाही, पण काम ते काम. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला, पिशवीतून पेचकस काढायला खाली वाकला...

खट.

त्याने वर बघितलं. फाटक मिटलेलं. नाडी जमिनीवर. तुटलेली नाही. सुटलेली.

त्याला वाटलं, स्प्रिंगचा जोर. जुनी गाठ, ओढ बसली, सुटली. त्याने खटका दाबला, फाटक मागे नेलं, आणि स्वतःच्या हाताने गाठ मारली. निरगाठ. सुताराने मारलेली गाठ अशी सुटत नाही. मग परत पायरीवर आला. पेचकस उचलला. खालून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या.

खट.

या वेळी तो वाकला नव्हता. त्याने बघितलं होतं. गाठ हळूहळू उकलली. घाईने नाही. रोजचं काम असल्यासारखी.

दिराने पांघरूण हनुवटीपर्यंत नेलं. कोणी हसलं नाही.

मग फाटक हललं. जोरात नाही. थोडंसं... थांबून पुन्हा थोडंसं. मूल दोन्ही हातांनी गज धरून हलवतं तसं. फाटकापलीकडे खोलीचा रिकामा पट्टा होता, दिव्याखाली. तिथे कोणी नव्हतं. गुण्याने नीट बघितलं. कोणी नव्हतं. फाटक हलत होतं.

आणि त्याच्या पाठीमागे जिन्यावर पावलं वाजली.

अनवाणी. धावत. खालून वर. म्हातारीची नाहीत, म्हातारी चढू शकत नव्हती. पावलं वर आली... वर आली... एक पायरी चुकली, धडपडली, पुन्हा धावली. गुण्याला मागे वळता येईना. पावलं त्याच्या अगदी पाठीशी येऊन थांबली. धाप लागलेली. मानेवर श्वास...

 

मग तो श्वास सुटला, काका म्हणाले. हळू. लांब. जीव भांड्यात पडल्यावर सुटतो तसा. गुण्या म्हणाला, भीती मला पावलांची वाटली नाही. तो श्वास ऐकून मी रडलो.

फाटक थांबलं. त्याने आधारासाठी वरच्या आडव्या पट्टीवर हात ठेवला. पट्टी ओली होती. त्याने बोट फिरवलं. खड्डे लागले. दिव्याजवळ वाकून बघितलं. दातांचे ठसे होते. पट्टीच्या आतल्या अंगाला खालच्या दोन दातांचे. बाहेरच्या अंगाला वरच्या चार दातांचे. ताजे. लाकूड आतून पांढरं दिसत होतं.

त्या बाळाला वरचे दात आलेलेच नव्हते. खालचे दोनच होते, हे गुण्याला पक्कं ठाऊक होतं, कारण फाटक बसवायला गेला तेव्हा त्याची फूटपट्टी चावून ठेवल्याबद्दल त्या आईने हसून माफी मागितली होती. आणि ते बाळ नुसतं रांगायचं. पट्टीपर्यंत तोंड पोचायला उभं राहावं लागतं. ते उभं राहायला शिकलं नव्हतं... तेव्हा तरी.

गुण्याने पेचकस पिशवीत टाकला आणि खाली आला. म्हातारी म्हणाली, झालं का. तो म्हणाला, हे फाटक मी काढणार नाही, तुम्हीही काढू नका. आणि ते पुन्हा बांधून ठेवू नका. म्हातारीने विचारलं, का हो. तो पिशवी उचलून निघाला.

काकांनी दिवा मोठा केला. डोळे चुरचुरले. माझ्या गालावरून ओघळ आला होता तो मी पुसला नाही. माझ्या मुलाचे पाय मी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते, हे मला नवऱ्याने हळूच हात सोडवला तेव्हा कळलं.

सासूबाई म्हणाल्या, "बघितलंस? आईला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं."

काकांनी मान डोलावली. मग त्यांनी मला सांगितलं की आता बाळाच्या डोक्यावर हात ठेव आणि शब्द दे. जावेने दिला होता, नणंदेने दिला होता. एवढंच म्हणायचं, माझं लक्ष हलणार नाही.

मी विचारलं, "ते फाटक रोज कोण बांधत होतं?"

नवऱ्याने माझ्या कोपराला स्पर्श केला. काका म्हणाले, घरातलंच कुणीतरी.

"तिला खालून हाक कोणी मारली?"

"अगं, त्याला काय महत्त्व आहे? चहा-बिहा हवा असेल. शब्द दे, रात्र झाली."

चहा. मी त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. येईना. गोष्टीत तिला चेहराच नव्हता, नुसतं हललेलं लक्ष होतं. अकरा वर्षं ही माणसं तिला प्रत्येक नव्या आईसमोर आणून उभी करत होती, आणि ज्या हातांनी नाडी बांधली त्या हातांबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं. सासरे घसा खाकरत होते. सासूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या, तो मुलाच्या डोक्यावर कधी जातो म्हणून.

मी हात मागे घेतला.

"मी शब्द देणार नाही," मी म्हटलं. आवाज चढवला नाही, मुलगा झोपला होता. "माझं लक्ष हलेल. दूध उतू जाईल, डुलकी लागेल, खालून तुम्ही हाक माराल आणि मी येईन. ती बाई वाईट नव्हती काका. तिने फाटक मागितलं होतं, करवून घेतलं होतं, रोज सोडलं होतं. मेल्यावरसुद्धा तेच सोडतेय. ते बंद आहे हे बघायला जिना चढून धावतेय. मला ते जिवंतपणी हवंय. उद्या सुतार येईल, भिंतीला भोकं पडतील. आणि या घरात ते कोणी बांधलं, तर मी माझं मूल घेऊन निघून जाईन."

काकांनी चष्मा काढून हातात धरला. सासरे जिन्याच्या काळोख्या तोंडाकडे बघत होते. सासूबाईंनी माझ्या हातावरून नजर काढली.