चोवीस तारांची केबल

हे रचलेले नाही. रचता आले असते, तर शेवट तरी मनासारखा केला असता.

ज्यांना खोटे वाटेल त्यांनी खुशाल तसे समजावे. मी वाद घालणार नाही. घरात वाद घालण्याचे काम दादाचे होते.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. गेल्या मार्गशीर्षातल्या एका गुरुवारची संध्याकाळ. शेजारच्या घरांतून लक्ष्मीची कहाणी वाचल्याचे ऐकू येत होते. आमच्याकडे यंदा घट मांडला नव्हता. दादाला जाऊन वर्ष व्हायचे होते.

आई हॉलमध्ये मटार सोलत होती. बाबा अजून यायचे होते. मी नुकताच माणिकपूरच्या ऑफिसातून आलो होतो आणि दारात चपला काढत होतो.

आतल्या खोलीत कोणीही नव्हते.

आणि तिथून आवाज आला...

कट. कट. कट.

बोटे मोडल्याचा.

आईचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातांकडे. माझ्या हातांत चपला होत्या.

कोणतेही काम हाती घेण्याआधी बोटे मोडायची, ही सवय आमच्या घरात एकालाच होती.

आता थोडे मागचे सांगावे लागेल.

दादा म्हणजे जितेश, माझा थोरला भाऊ. पावसाळ्यात त्याला साधा ताप आला आणि त्यातच तो गेला. यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. लोक भेटायला येत, मी त्यांना चहा देत असे. मला रडू आले नाही. अजूनही आलेले नाही. आत कोणीतरी पंखा बंद करून निघून गेल्यासारखे वाटते. हवा आहे, पण ती हलत नाही.

मागे राहिला तो त्याचा डबा.

घरात सगळे त्याला डबाच म्हणायचे. बुटांच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर, दादाने एकेक भाग जमवून जोडत आणलेला. खोली लहान, टेबल लहान, म्हणून कॉम्प्युटरही लहान, असे त्याचे म्हणणे. सगळे भाग बसले होते. राहिल्या होत्या त्या आतल्या विजेच्या केबल. एवढ्याशा डब्यात बाजारातल्या लांब, जाड केबल कोंबल्या की झाकण लागत नाही. त्या मापाच्या करून घ्याव्या लागतात. पॉवर सप्लायही, म्हणजे आत वीज पुरवणारा भाग, त्याने कोणाचा तरी वापरलेला, केबलविना घेतला होता. केबल नाहीतरी नव्या करायच्याच होत्या.

त्या राहून गेल्या.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड मांडला. कावळे समोरच्या भिंतीवर बसले होते, पण एकही खाली येईना. काकांनी सांगून पाहिले की, आईवडिलांची चिंता करू नकोस. आत्याने सांगितले, धाकट्याचे आम्ही बघू. बाबांनी नुसते हात जोडले. ऊन चढत गेले. शेवटी दर्भाचा कावळा करण्याची गोष्ट निघाली.

मी चारचौघांत कधी बोलत नाही. तरी खाली मान घालून पुटपुटलो, "दादा, तुझा डबा मी पूर्ण करीन. केबल लावून, चालू करून देईन."

कावळा उतरला.

आईने माझा दंड घट्ट धरला. त्या दिवसापासून ती मला एकच सांगत आली. "शब्द दिलायस, आयुष. अडकवून ठेवू नकोस त्याला."

तरीही मी कितीतरी महिने काहीच केले नाही. दिवाळीनंतर एकदा डबा पिशवीत घातला आणि निर्मळ गावी केनीकडे गेलो. केनी दादाचा मित्र. अशा केबल तो घरीच बनवतो. त्याच्या टेबलामागच्या खिडकीतून केळीची बाग दिसते. त्याने डब्यात एक दोरा फिरवला, केबल जिथे वळणार तिथे तो वळवला आणि त्यावरून माप घेतले. मग विचारू लागला. रंग कोणता? वर कापडी आवरण हवे की साधे? मऊ वायर की ताठ?

मला एकाचेही उत्तर देता येईना. दादाला कोणती भाजी चालत नाही हे मला ठाऊक होते. रंग ठाऊक नव्हता.

"एका खोलीत झोपायचे ना तुम्ही दोघं?" केनी म्हणाला, आणि लगेच ओशाळला. मग मला मोकळे करावे म्हणून दादाच्या गोष्टी सांगू लागला. दादा आठवड्याला एकदा यायचा आणि नुसते रंग बघायचा. आज काळा ठरवायचा, रविवारी फोन करून निळा म्हणायचा.

"मी त्याला बोललो, अरे जितू, मुलगी बघायला पण कोण एवढे फेरे मारत नाय," केनी हसत म्हणाला. मग थोडा वेळ दोरा बोटाला गुंडाळत राहिला. "त्याला बघण्यातच मजा यायची रे. संपवायची घाई नव्हती त्याला."

मी पांढरा रंग सांगितला. पांढऱ्यात चूक होत नाही, असे वाटले.

केबल तयार झाल्या. त्यांतली मोठी चोवीस तारांची, पॉवर सप्लायपासून मुख्य बोर्डापर्यंत जाणारी. तिच्या तोंडाशी एक बारीक खिटी असते. आत सारली की खिटी टक्कन बसते. अंगठ्याने ती दाबल्याशिवाय केबल निघत नाही. नुसती ओढली तर बोर्डच उपटून येईल, असे केनीने बजावले होते.

त्या गुरुवारी सकाळी कामावर जाण्याआधी मी ती लावली. खिटी बसल्याचे कानांनी ऐकले. संध्याकाळी बाबा आले की चालू करायचे, असे ठरले होते.

आणि संध्याकाळी तो आवाज आला.

मी आत गेलो. खिडकी बंद होती. दादाच्या बाजूच्या पलंगावर चादरीला सुरकुतीही पडली नव्हती. टेबलावर डबा होता, आणि डब्याशेजारी...

केबल.

ओढून काढलेली नव्हती. खिटी दाबून, सावकाश काढलेली. झोपलेले मूल खाली ठेवावे तशी ठेवलेली.

बाबा म्हणाले, तूच लावायला विसरला असशील. मी हो म्हणालो. शुक्रवारी पुन्हा लावली. संध्याकाळी पुन्हा बाहेर. शनिवारी लावली, खोलीला कुलूप घातले आणि किल्ली खिशात घालून ऑफिसला गेलो.

परतलो तेव्हा कुलूप जागच्या जागी होते. मी ते उघडले.

केबल बाहेर होती...

दुपारी आवाज आला होता, असे आईने सांगितले. दूधवाला येऊन गेला, हे सांगावे तसे. मग केबलकडे बघत म्हणाली, "पांढरा कशाला घेतलास? त्याला पांढऱ्यात..." आणि तिथेच थांबली. तिने दादाला पांढऱ्यात शेवटचे कधी पाहिले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

रविवारी डबा घेऊन पुन्हा निर्मळ गाठले. खिटी सैल असेल, असे केनी म्हणाला. बघताना त्याने सहज मीटर लावून एकेक तार तपासायला घेतली. तोंडाने काहीतरी गुणगुणत होता.

मध्येच गुणगुणणे थांबले.

त्याने पहिल्यापासून पुन्हा तपासले. मीटर खाली ठेवला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.

त्या पॉवर सप्लायचे दोन प्रकार निघाले होते. बाहेरून सारखे, आत तारांचा क्रम वेगळा. दादाचा जुना होता आणि केनीने केबल नव्याप्रमाणे केल्या होत्या. चूक आपली आहे, हे त्याने लगेच कबूल केले. मी बटण दाबले असते तर बोर्डासकट सगळे जळाले असते. दादाने जमवलेले सगळे.

"कोण काढत होता केबल?" त्याने विचारले.

मी सांगितले.

तो बागेकडे बघू लागला. "वाचवत होता रे तो," म्हणाला.

घरी येऊन मी हे सांगितले. आईने दादाच्या फोटोपुढे साखर ठेवली. बाबा त्या रात्री दोन घास जास्त जेवले. त्या आठवड्यात आमच्या घरात माणसे राहतात, असे वाटत होते. दादा जाता जाताही आपले बघत होता, हे आम्ही एकमेकांना न बोलता सांगत होतो.

केनीने नव्याने केबल केल्या. या वेळी करड्या रंगाच्या. माझ्यासमोर प्रत्येक तार तपासली. तिथेच चालू करून बघू, असे मी सुचवले तेव्हा त्याने मान हलवली. शब्द तू दिलायस, तूच चालू कर, म्हणाला.

रविवार होता. सकाळचे ऊन खोलीत आले होते. आईबाबांसमोर मी केबल लावली. खिटी बसली. झाकण सरकवले. केसभरही फट राहिली नाही. डबा इतका सुंदर दिसत होता की, त्याच्याकडे बघवत नव्हते.

निरांजन लावू, मग चालू कर, असे आई म्हणाली. आम्ही तिघेही हॉलमध्ये आलो. तिने वात तुपात भिजवली, काडी ओढून निरांजन पेटवले...

कट. कट. कट.

आम्ही दारापाशी गेलो. झाकण भिंतीला टेकवून ठेवलेले होते. करडी केबल बाहेर होती. या वेळी तिच्यात कोणतीही चूक नव्हती.

आईच्या हातातले निरांजन जळत राहिले.

बाबा सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"वाचवत नव्हता तो," ते म्हणाले. "त्याला जायचं नाहीये."

दुसऱ्या दिवशी आईने मला विचारले, खिटी कोणत्या बाजूला येते? मी दाखवले. तेव्हापासून रोज सकाळी ती स्वतः केबल लावू लागली. संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन खोलीच्या दाराशी बसायची. आवाज झाला की उठायची आणि चहा ठेवायची. तिचा चेहरा भरू लागला. शब्दाची आठवण तिने पुन्हा कधी करून दिली नाही.

शेवटी मीच म्हणालो, "आई, आपण अडकवून ठेवतोय त्याला."

तिने मेथीवरून नजर उचलली नाही. "मी कुठे केबल काढते? मी तर रोज लावते."



पौष गेला. माघातल्या एका दिवशी आई आत्याकडे वसईला गेली होती. मुक्कामच पडला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी केबल लावायला ती घरात नव्हती. माझी इच्छा झाली नाही. कामावरून येऊन दार उघडले. घर शांत होते. कसलाही आवाज नव्हता. किती तरी दिवसांनी ती शांतता ऐकली.

मी आत डोकावलो...

झाकण लागलेले होते. चारही स्क्रू आवळलेले होते. जाळीतून पाहिले, आत करडी केबल आपल्या जागी होती. भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन खोचलेली होती.

आता फक्त बटण दाबायचे राहिले होते.

दिवेलागणीला आई परतली. तिने बॅग न ठेवताच ते पाहिले. मला वाटले, ती हात जोडेल. तिने बॅग खाली ठेवली. मग डब्याकडे बघत, शाळेला निघालेल्या मुलाला सांगावे तशा सुरात म्हणाली, "आज नको रे. आधी जेवणं होऊ देत."

जेवणे झाली. कोणीही आत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डब्याची पिन काढली आणि तिथे आपल्या मोबाइलचा चार्जर लावला.  संध्याकाळी चार्जर पलंगावर होता, वायर नीट गुंडाळलेली. पिन पुन्हा सॉकेटमध्ये होती. बाबांनी पुन्हा चार्जर लावला. आता हे रोज चालते. आई रोज म्हणते, उद्या. बाबा रोज पिन काढतात. 

मी त्याच खोलीत झोपतो. शब्द माझा आहे. तो पाळला तर या दोघांकडे उरणार काय, हे मला दिसते. नाही पाळला, तर तिथे कोण ताटकळत उभे आहे, हेही मला दिसत नाही असे नाही.

काल संध्याकाळी आई किचनमध्ये होती आणि बाबा आंघोळीला गेले होते. मी डब्यासमोर बसलो. पिन लावलेली होती. भिंतीवरचा स्विच चालू होता. मी बटणावर बोट ठेवले. दाबायचे की नाही, ते ठरवले नव्हते. खरे तर मला काहीच वाटत नव्हते.

तेवढ्यात माझ्या बोटावर...

हलकासा भार आला.

दुसऱ्या बोटाचा असावा तेवढाच. थंड नव्हता. तो माझे बोट खाली दाबत होता की धरून ठेवत होता, ते मला कळले नाही. मी थांबून कळण्याची वाट पाहिली. कळले नाही.

मी बोट काढून घेतले.

आईने हाक दिली. पाने घेतली होती. मी हात धुतले आणि जेवायला बसलो.