सैल सोडायचा हात

संमोहनाच्या वर्गात मॅडम म्हणाल्या, "उजवा हात हलका होतोय... आपोआप वर उठतोय..." आणि मी तो झटकन वर केला. बाकीचे सात जण खुर्च्यांत निपचित असावेत. तेवढ्यात समोरून फिस्सकन हसू आलं. मी एक डोळा किलकिला केला, तर समोरचा माणूस चांगले दोन्ही डोळे उघडून माझ्याकडे बघत होता!

"गुंगीत हात अडखळत, सावकाश उठतो," मॅडमनी नंतर सुनावलं. "तुम्ही तर शाळेत हजेरी दिल्यासारखा वर केलात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण करणार काय? मी चषकांवर नावं कोरते. दोन महिने झाले, कोरणी धरली की हात आखडतो, अक्षर वाकडं जातं. तपासण्यांत काहीच सापडलं नाही. मालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. पुढे माझ्या जागी मशीन. मला गुंगी यायलाच हवी होती, आणि म्हणूनच ती येत नव्हती.

"जोर लावून कुणाला गुंगी येत नसते," मॅडम म्हणाल्या. "आधी अंग सैल सोडायला शिका. तुम्ही दोघंही. जोडीने सराव करा."

तो दुसरा म्हणजे तोच, हसणारा. पियानोचे सूर लावणं हे त्याचं काम. झोप लागत नाही म्हणून आलेला. मॅडमचं ऐकायचं सोडून पंख्याची घरघर ऐकत बसायचा. मी त्याला मनातल्या मनात सूरवाला म्हणायला लागले.

वर्ग सुटला की बाहेरच्या बाकावर सराव. त्याने माझं मनगट उचलायचं आणि सोडून द्यायचं. सैल हात धपकन पडतो. माझा आपला अधांतरी.

"सोडा."

"सोडलाय की!"

"मग वर कुणी धरलाय? मी तर नाही."

"तुम्ही असं बघू नका ना... कसा सुटणार?"

"बरं बाई, डोळे मिटतो."

मिटले खरे, पण गालात हसत होता, लबाड.

खांदे आवळा, सोडा. मुठी आवळा, सोडा. मी जबडा घट्ट धरला की तो ओरडायचा, "दात!" अकराव्या दिवशी तो एका हट्टी पियानोची तक्रार सांगत होता आणि मी ऐकत होते. मध्येच तो थांबला.

"पडला," तो हळूच म्हणाला.

माझा हात त्याच्या तळहातावर पडला होता... मी तो उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी गुंगी लागली. ती झोप नव्हतीच. मॅडमचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, फक्त हरकत घ्यावीशी वाटत नव्हती. पुढच्या आठवड्यात मालकांसमोर सबंध नाव कोरलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. "सोमवारी वेळेवर या," एवढंच म्हणाले.

मी धावत मॅडमकडे गेले. "आता त्यांचंही बघा हो. बिचाऱ्यांना अजून जमत नाही."

"कुणाला, त्याला?" मॅडमनी चष्मा काढला. "अहो, तो चौथ्या दिवसापासून पाच मिनिटांत गुंगीत जातो. घरीही मस्त झोपतो."

बाहेर तो बाकावर बसला होता. माझा पारा चढलेला.

"बरे झालात, आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर... तुम्ही म्हणाला असता, मग आता थांबता कशाला?" त्याचे कान लाल झाले होते.

"खोटारडे कुठले!" मी म्हटलं. चांगलं भांडायचं ठरवलं होतं, पण राग टिकेना. "मला तुम्ही आवडता. आणि हे मी पूर्ण शुद्धीत सांगतेय."